चाल तीच, पण बोलतंय कोण?

आमच्या गल्लीतल्या गणपतीत एक रात्र ऑर्केस्ट्राची असायची. निवेदक माइक हातात घेऊन सांगायचा, "मंडळी, डोळे मिटा, प्रत्यक्ष रफीसाहेब समोर उभे आहेत असं वाटेल!" आम्ही डोळे मिटायचो, आणि खरंच तसं वाटायचं. गाणारा दिवसा कुठल्यातरी बँकेत कॅशियर असायचा, पण त्या रात्री तो 'व्हॉइस ऑफ रफी' असायचा. जितकं हुबेहूब, तितक्या टाळ्या. मधल्या म्युझिकमधला बासरीचा तुकडा चुकला तर मागच्या रांगेतून लगेच कुणीतरी हाळी द्यायचं.

त्यामुळे 'कव्हर' किंवा 'दुसऱ्याचं गाणं गाणं' म्हटलं की आपल्या डोक्यात पहिली कसोटी येते ती जमलंय का, म्हणजे मुळासारखं झालंय का, ही. जॅझ आणि सोल (अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चगायनातून आलेलं लोकप्रिय संगीत) गाणाऱ्यांच्या जगात ही कसोटी नेमकी उलटी आहे. तिथे "अगदी मुळासारखं गायलात" हे ऐकवलं तर गाणारीला तो अपमान वाटेल. ते का, आणि मुळासारखं नाही म्हणजे नक्की काय बदलायचं, हे एकच अल्बम हातात धरून बघू. नीना सिमोन या गायिका-पियानोवादक बाईंचा १९७१ सालचा 'हिअर कम्स द सन'.

आठ गाणी आहेत. नावाचं गाणं बीटल्स या इंग्लिश बँडचं, त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसनने लिहिलेलं. 'जस्ट लाइक अ वुमन' बॉब डिलनचं. 'मिस्टर बोजँगल्स' जेरी जेफ वॉकरचं. 'ओ-ओ-ह चाइल्ड' शिकागोच्या फाइव्ह स्टेअरस्टेप्स या भावंडांच्या गटाने आदल्याच वर्षी गाजवलेलं. शेवटी 'माय वे', फ्रँक सिनात्राचं. बहुतेक सगळा माल त्या चारपाच वर्षांत रेडिओवर वाजून वाजून गुळगुळीत झालेला. म्हणजे ऐकणाऱ्याला मूळ गाणं तोंडपाठ होतं, आणि बाईंना ते माहीत होतं.

पुढे जाण्याआधी एक गाठ सोडवून घेऊ. 'गाणं' या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. शब्द आणि चाल ही पहिली: कागदावर उतरवता येते, पेटीवर वाजवून दाखवता येते. दुसरी मांडणी: लय कोणती, ठेका कुठला, कुठली वाद्यं, कुठे थांबायचं. मुंबईच्या सिनेसंगीतात या कामाला 'अरेंजमेंट' म्हणतात, आणि ते करणारे कित्येक जण गोव्याचे होते. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी त्या माणसाने त्या माइकसमोर काढलेला आवाज. ऑर्केस्ट्रातला कॅशियर या तिन्हींची नक्कल करतो. नीना सिमोन फक्त पहिली उचलते आणि उरलेल्या दोन फेकून देते. कधीकधी पहिलीलाही हात घालते.

आपल्याला हे परकं वाटायला नको, कारण आपल्याकडे बंदिशीचं असंच असतं. यमनातली एखादी बंदिश किराणा घराण्याच्या गायकाने मांडली आणि जयपूर घराण्याच्या गायकाने मांडली, तर कुणी "मूळ कुणाची?" विचारत बसत नाही, "यांनी कशी मांडली?" विचारतो. मात्र तीच माणसं भावगीत किंवा सिनेमाचं गाणं ऐकायला बसली की ऑर्केस्ट्राच्या कसोटीवर येतात. अमेरिकेतही हा दुटप्पीपणा होता, आणि त्याला कारण आहे. १९५० पर्यंतची तिथली लोकप्रिय गाणी ब्रॉडवेच्या नाटकांसाठी किंवा सिनेमांसाठी पगारी गीतकार-संगीतकार लिहायचे. ते स्वतः गात नसत. म्हणून गाणं कुणा एकाचं नव्हतं. दहा जण गायचे, दहा तऱ्हांनी. जॅझवाले ज्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात ती बरीचशी हीच गाणी. मग साठच्या दशकात डिलन आणि बीटल्स आले. आता लिहिणारा तोच गाऊ लागला आणि त्याचा खरखरीत आवाज, त्याचे उच्चार, त्याचं चरित्र हे सगळं गाण्याला चिकटलं. अशा गाण्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून फर्निचर हलवण्यासारखं झालं.

'कव्हर' शब्दाला तिथे आणखी एक कडवट वास आहे. पन्नाशीच्या दशकात काळ्या गायकाचं गाणं चालू लागलं की कंपन्या तेच गाणं गोऱ्या गायकाकडून घाईने गाऊन घेत. लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' १९५५ चं. पॅट बून या गोऱ्या, गोड चेहऱ्याच्या गायकाची आवृत्ती पुढच्या वर्षी लोकप्रियतेच्या यादीत मूळच्याही वर गेली. दोन्ही एकदा लागोपाठ ऐकाच. भाजणीतून तिखट-मीठ काढून घेतल्यावर जे उरेल ते दुसऱ्या तबकडीवर आहे. या पार्श्वभूमीवर एक काळी बाई हॅरिसन, डिलन, सिनात्रा अशी गोऱ्या पुरुषांची गाणी उचलते आणि आपल्या अटींवर वाजवते, तेव्हा गंगा उलटी वाहू लागलेली असते. हे तिने मुद्दाम हिशेब मांडून केलं असं मी म्हणत नाही. पण ऐकणाऱ्याला तो हिशेब ऐकू येतो.

बाई कोण होत्या हे थोडक्यात. जन्म २१ फेब्रुवारी १९३३, नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायॉन हे छोटं गाव, खरं नाव युनिस वेमन. आई मेथडिस्ट धर्मोपदेशक. चर्चमध्ये लहानपणापासून पियानो, शिवाय गावातल्या एका गोऱ्या शिक्षिकेकडे बाखची शिकवणी. स्वप्न होतं शास्त्रीय मैफलीतली पियानोवादक होण्याचं. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने प्रवेश नाकारला. तो काळ्या वर्णामुळेच नाकारला असं त्यांचं शेवटपर्यंत ठाम मत होतं. पोटासाठी १९५४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागल्या, तर मालक म्हणाला, गाणार असशील तरच उद्यापासून ये. म्हणून गायला लागल्या. आईला कळू नये म्हणून नाव बदललं. थोडक्यात, गायन ही त्यांची दुसरी पसंती, आणि बाख पहिली. 'जॅझ गायिका' हे लेबल त्यांना आवडत नसे. आपलं संगीत म्हणजे 'काळ्यांचं शास्त्रीय संगीत' असं त्या म्हणत.

आता गाण्यांकडे. माझ्या मते या अल्बममधली सगळ्यात शिकवणारी जागा शेवटची आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

'माय वे' मुळात फ्रेंच गाणं. १९६७ चं, रोजच्याच सवयीने चाललेल्या, विझत आलेल्या संसाराबद्दलचं. पॉल अँका या गायक-गीतकाराने चाल ठेवली आणि इंग्रजीत पूर्ण वेगळा आशय लिहिला: आयुष्याच्या शेवटाकडे आलेला माणूस मागे वळून सांगतोय की मी जे केलं ते माझ्या पद्धतीने केलं. सिनात्राने ते ३० डिसेंबर १९६८ ला ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. त्याची मांडणी आठवा: संथ लय, सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, मग कडव्याकडव्याने व्हायोलिनं चढत जातात आणि शेवटी सगळा वाद्यवृंद उभा राहून मानवंदना देतो. निवृत्तीच्या समारंभातलं भाषण असतं तसं. शाल, श्रीफळ, सगळं.

नीनाच्या 'माय वे'त पहिल्यांदा कान टवकारतात ते बाँगोमुळे. बाँगो म्हणजे बोटांनी वाजवायची जोडीची छोटी ढोलकी. ती पहिल्यापासून भराभर, अस्वस्थ, धावती चालू होते, आणि थांबायचं नाव घेत नाही. वर बाई मात्र तीच चाल तशीच सावकाश, ऐसपैस गातात. आपल्या भाषेत सांगायचं तर गाणं ठाय लयीत आणि ठेका दुगुनीच्याही पुढे. या एका बदलाने काय होतं बघा. सिनात्राच्या गाण्यातला माणूस खुर्चीत बसून मागे बघतोय, प्रवास संपलाय. नीनाच्या गाण्यात पायाखालची जमीन पळतेय. ही बाई धावता धावता मागे बघतेय, अजून पोचायचंय. चालीतला एक स्वर न बदलता, शब्दातली एक मात्रा न हलवता काळच बदलला. भूतकाळाचा चालू वर्तमानकाळ झाला. ती तेव्हा ३८ वर्षांची होती. त्या वयात निरोपाचं भाषण करायचं तरी कशाला?

मग त्या शब्दांना दुसरा अर्थही फुटतो. पैसा, मान, स्टुडिओ हातात असलेला गोरा पुरुष "मी माझ्या पद्धतीने केलं" म्हणतो तेव्हा ती फुशारकी वाटते (मला तरी वाटते, सिनात्राच्या चाहत्यांनी माफ करावं). बारमालकाने गायला लावलेली, कर्टिसने परत पाठवलेली, रंगभेदाविरुद्ध गाणी केली म्हणून दक्षिणेतल्या रेडिओ स्टेशनांनी जिच्या तबकड्या वाजवायचं नाकारलं ती बाई तेच म्हणते, तेव्हा ती साक्ष होते. कोर्टातली साक्ष.

डिलनच्या गाण्यात ती याहून बारीक काम करते. 'जस्ट लाइक अ वुमन' १९६६ चं. एका स्त्रीबद्दल एक पुरुष बोलतोय, थोडं प्रेमाने, बरंचसं टोचून. ती बाईसारखी वागते खरी, पण मोडून पडते ती लहान मुलीसारखी, असं त्याचं म्हणणं. डिलन सुरुवातीला 'ती' म्हणतो आणि शेवटच्या वेळी 'तू'. अनेकांना हे गाणं बायकांना हिणवणारं वाटत आलंय आणि त्यावर अजून वाद चालतो. नीना पहिली धृपदं डिलनसारखीच 'ती' म्हणून गाते. ऐकणाऱ्याला वाटतं, बरं, एक बाई दुसरीबद्दल सांगतेय. आणि शेवटच्या धृपदात ती सर्वनाम फिरवते: 'मी'. मी मोडते, लहान मुलीसारखी. आवाज चढवत नाही, पियानोवर काही आपटत नाही, फक्त एक सर्वनाम बदलते. आणि सगळं गाणं मागच्या मागे उलगडतं. म्हणजे इतका वेळ ही स्वतःबद्दलच तिसऱ्या व्यक्तीसारखं बोलत होती तर! आपण नाही का, एखादं दुखणं सांगताना "माझी एक मैत्रीण आहे, तिचं असं झालं" म्हणून सुरुवात करतो, तसं. टोमणा होता त्याची कबुली झाली.

'मिस्टर बोजँगल्स'मध्ये तर तिने काहीच बदललं नसतं तरी गाणं बदललंच असतं. वॉकर न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात एका रात्री अडकला असताना त्याला एक रस्त्यावर नाचून पोट भरणारा म्हातारा भेटला. त्याचा कुत्रा वारला होता आणि त्या दुःखातून तो बाहेर आला नव्हता. म्हाताऱ्याने स्वतःचं नाव 'बोजँगल्स' सांगितलं, जे प्रत्यक्षात बिल रॉबिन्सन या प्रख्यात काळ्या नर्तकाचं टोपणनाव. तो म्हातारा गोरा होता, असं वॉकरने पुढे सांगितलं. तुरुंगातसुद्धा कोठड्या वर्णाप्रमाणे वेगळ्या होत्या. पण नीनाच्या तोंडून ऐकताना डोळ्यांसमोर गोरा म्हातारा येतच नाही. झिजलेल्या बुटांतला काळा नर्तक येतो, ज्याच्याकडून हे नाव आणि कदाचित नाचही उसना घेतला गेला. माझ्या मनातून तरी तो जात नाही.

आणि ते नावाचं गाणं? हॅरिसनने ते १९६९ च्या वसंतात गिटारवादक मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत बसून लिहिलं. बीटल्सच्या कंपनीच्या बैठका आणि कागदपत्रांना कंटाळून त्याने त्या दिवशी दांडी मारली होती. लंडनचा लांबलचक हिवाळा संपत होता. त्यात मधे 'सूर्य सूर्य सूर्य' असा एक भाग येतो, त्याच्या मात्रा सरळ चारात बसत नाहीत. तुकडे तुकडे करत फिरून समेवर येतात. ऐकताना आपल्याला तिहाई आठवल्याशिवाय राहत नाही, आणि रविशंकरांकडे सतार शिकलेल्या माणसाच्या बाबतीत ते नवलाचंही नाही.

नीनाचा हिवाळा निराळा होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि तिसऱ्या दिवशी ती न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरीत त्यांच्यावरचं नवं गाणं गात रंगमंचावर होती. पुढच्या दोनतीन वर्षांत काळ्यांच्या हक्कांची चळवळ विखुरली, तिचा संसारही मोडला. त्यानंतर ही बाई म्हणते, ऊन आलंय, सगळं ठीक आहे. हॅरिसनच्या आवाजात ती सुट्टीच्या दिवसाची बातमी आहे. हिच्या आवाजात ते आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगितल्यासारखं येतं, हळू, पियानोवर बोटं जपून टाकत. तिचा त्या बातमीवर विश्वास आहे का, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. म्हणूनच मी ते परत परत लावतो.

इथे जॅझ कुठे आणि सोल कुठे, असं कुणी विचारेल. काटेकोर वाटणी करण्यात अर्थ नाही, पण ढोबळ सांगता येतं. शब्द ठेक्याच्या जरा मागे किंवा पुढे टाकायचा, चालीचे स्वर सांभाळून त्यांच्या जागा सरकवायच्या, चालीखाली आधाराला वाजणारे स्वरसमूह (कॉर्ड) बदलायचे, ही जॅझची सवय. सोल येतो चर्चमधून: एकाने ओळ टाकायची आणि मागच्यांनी झेलायची, अगदी आपल्या भजनात बुवांचा चरण टाळकरी झेलतात तसं. शिवाय एक शब्द अनेक स्वरांवर लोळवायचा आणि भावना झाकायची नाही. नीनाला दोन्ही येत होतं, आणि त्याखाली बाखची शिस्त होती. पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये तिने हॅरिसनचंच 'माय स्वीट लॉर्ड' घेतलं, १९७१ च्या नोव्हेंबरात फोर्ट डिक्स या लष्करी तळावर सैनिकांसमोर, चर्चच्या मुलांचा कोरस बरोबर घेऊन. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. त्या भक्तिगीताच्या पोटात तिने डेव्हिड नेल्सनची एक कविता घुसवली आणि गाणं अठरा मिनिटांपर्यंत नेलं. सुरुवातीला टाळ्यांचा गजर, आणि शेवटाकडे देवालाच जाब. मुखडा घेऊन बडा ख्याल करण्याचाच हा प्रकार.

आता पैशांचं. यात फारसं काव्य नाही, पण हे कळल्याशिवाय विषय पुरा होत नाही. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून नियम असा की एकदा गाणं मालकाच्या संमतीने ध्वनिमुद्रित झालं की दुसरा कुणीही ते गाऊ शकतो. परवानगी नाकारता येत नाही, फक्त ठरलेला दर द्यायचा. १९७१ मध्ये तो दर होता प्रत्येक प्रतीमागे एका गाण्याला २ सेंट. १९०९ पासून तेवढाच. हे २ सेंट जातात पहिल्या गोष्टीच्या, म्हणजे शब्द-चालीच्या मालकाला. दुसऱ्या गोष्टीला, मांडणीला, काहीच नाही. ते धावते बाँगो, ते फिरवलेलं सर्वनाम, यांचा मालक कायद्याच्या लेखी कुणीच नाही. तिसरी गोष्ट त्याहून गमतीची: ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतंत्र कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून, म्हणजे हा अल्बम आल्यानंतर. आजही तिथल्या साध्या एएम-एफएम रेडिओवर नीनाचं 'हिअर कम्स द सन' वाजलं तर मानधन हॅरिसनच्या वारसांकडे जातं, गाणारीकडे नाही.

भारतात हे नियम वेगळे आहेत आणि एका बाबतीत जास्त कडक. आधी दोन वर्षांनंतर नोटीस आणि रॉयल्टी देऊन दुसऱ्याला तेच गाणं काढता येई. याच वाटेने ऐंशीच्या दशकात जुन्या गाण्यांच्या स्वस्त 'व्हर्जन' कॅसेटी आल्या, आणि पुढे रिमिक्सचं पीक. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ३१-सी हे कलम आलं. आता मूळ ध्वनिमुद्रणाचं कॅलेंडर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं थांबायचं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि कव्हरवर 'हे कव्हर आहे' असं ठळक छापायचं. आणि तांत्रिक गरज असल्याशिवाय किंवा मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत, चालीत बदल करायचा नाही. म्हणजे या कलमाच्या आधारे हुबेहूब गाणाऱ्याला वाट मोकळी, आणि 'ती'चं 'मी' करणारीला आधी मालकाचा दरवाजा ठोठवावा लागणार. रिमिक्सवाल्यांना वेसण घालायला केलेला नियम ऑर्केस्ट्राच्याच कसोटीवर उभा आहे, हे मला गमतीचं वाटतं.

ऐकायचंच असेल तर या क्रमाने ऐका. आधी सिनात्राचं 'माय वे' लावा आणि ठेक्याबरोबर बोटाने टेबलावर टकटक करा. आरामात जमेल, हातात चहाचा कप असला तरी. मग नीनाचं लावा. एका हाताने बाँगो धरा, दुसऱ्या हाताने गाण्याची ओळ. मला अजून दोन्ही हात एकत्र पहिल्या कडव्याच्या पुढे नेता आलेले नाहीत.